सुतारकाम शिकवणाऱ्याला पैसे कोण देणार?

मुंबईत सध्या ज्याला विचाराल तो सांगतो की चांगला सुतार मिळत नाही. रिडेव्हलपमेंटमध्ये नवीन फ्लॅटचा ताबा घेतलेले सांगतात, इंटिरियरवाले सांगतात, गिरगाव-परळच्या चाळीत ज्यांचा जुना सागवानी दरवाजा पावसाळ्यात फुगून बसलाय आणि तो नीट रंधून देणारा माणूस सापडत नाहीये ते पण सांगतात. आणि मग पुढचं वाक्य ठरलेलं, आजकालच्या पोरांना मेहनत नको. मला हे अजिबात पटत नाही. मी स्वतः इंटिरियरच्या साइटवर सुपरव्हिजन करतो, बोरिवलीपासून भांडुपपर्यंत कुठल्याही साइटवर जा, सोसायटीनं लिफ्टमधून माल न्यायला बंदी केली म्हणून प्लायच्या शीट डोक्यावर घेऊन जिने चढणारी पोरं रोज दिसतात. पोरं आहेत, काम तर इतकं आहे की संपत नाही, आणि हातात खरी कला असलेले मिस्त्री पण आहेत या शहरात. पण त्या मिस्त्रीनं त्या पोराला शिकवावं म्हणून कोणी, म्हणजे सरकारनं, बिल्डरनं, ठेकेदारानं, तुम्ही-आम्ही गिऱ्हाइकांनी, एक रुपया पण वेगळा काढलेला नाही. सगळं घोडं इथेच अडलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

आत्ता पोरगा सुतार कसा होतो ते बघा. गावाहून येतो, गोरखपूर-बस्तीकडचा असतो, राजस्थानचा असतो, कधी आपल्या कोकणातला नाहीतर मराठवाड्यातला. कोणा चुलत्याच्या, गाववाल्याच्या ओळखीनं हेल्पर म्हणून लागतो. झोपायचं साइटवरच, अर्धवट झालेल्या हॉलमध्ये भुशाच्या गोण्या बाजूला सारून. पहिलं वर्ष माल चढवणं, झाडू मारणं, फेव्हिकॉल पसरणं, सनमाइका चिकटवली की तिच्यावर वजन ठेवणं आणि चहा आणणं यात जातं. मग स्क्रू मारायला मिळतो, बिडिंग पट्टी घासायला मिळते. टेप मात्र कोणी हातात देत नाही, कारण एक माप चुकलं की आठ बाय चारची अख्खी शीट वाया, तिचे पैसे ठेकेदार मिस्त्रीच्या हिशोबातून कापणार, मग मिस्त्री कशाला रिस्क घेईल. असं करत करत तीन-चार वर्षं सहज निघून जातात आणि तोपर्यंत तो जे काही शिकलेला असतो ते नुसतं बघून, चोरून शिकलेलं असतं. चोरून शिकलेल्याला काम कसं करायचं ते कळतं, ते तसंच का करायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आणि सुतारकामात हे का फार महत्त्वाचं आहे हो. भरीव लाकूड वर्षभर हलतं, पावसाळ्यात आडव्या अंगानं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून जुने सुतार दरवाजाच्या चौकटीत मधली फळी बसवताना तिला सरस लावायचे नाहीत, खाचेत सैल ठेवायचे, म्हणजे ती आतल्या आत हलत राहते आणि दरवाजा फाटत नाही. ज्याला हे कोणी सांगितलं नाही तो मजबुती यावी म्हणून चारी बाजूंनी फेव्हिकॉल भरतो आणि दोन पावसाळ्यांत फळीला उभी चीर जाते. तसंच प्लायचं. शीटवर आयएस ३०३ (साधा प्लाय) लिहिलंय की आयएस ७१० (पाण्यात टिकणारा) हे बघायची सवय हेल्परला लागतच नाही, मग सिंकखालच्या कपाटात साधा प्लाय जातो आणि तळ सुटायला लागतो, आणि त्या बाईला वाटतं सुतारानं फसवलं. फसवलेलं नसतं बऱ्याचदा, त्याला माहीतच नसतं. बिजागरीच्या वाटीचं ३५ एमएमचं भोक कडेपासून किती आत घ्यायचं, ओळंबा धरल्याशिवाय चौकट का फिक्स करायची नाही, इंचाचे आठ सूत धरून माप कसं सांगायचं आणि तेच मिलिमीटरमध्ये ड्रॉइंगवरून कसं वाचायचं, पटाशीला धार कुठल्या कोनात लावायची, हे सगळं दोन-तीन वर्षांत व्यवस्थित शिकवता येतं. शिकवणारा पाहिजे आणि त्याला शिकवायला वेळ पाहिजे.

वेळेचीच तर बोंब आहे. मुंबईतलं जवळपास सगळं फर्निचरचं काम ठेक्यावर चालतं, वॉर्डरोब असेल तर स्क्वेअर फुटाचा रेट, दरवाजा असेल तर नगावर. मिस्त्री दिवसाला जितकं काम उतरवेल तितके त्याचे पैसे. तो पोराला बाजूला बसवून कुसू आणि साळ (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा सांधा) कसे आखायचे हे दाखवायला लागला तर त्या दिवसाचं त्याचं काम निम्म्यावर येतं, म्हणजे शिकवण्याची फी तो स्वतःच्या खिशातून भरतोय. वर आणखी एक भीती असते आणि ती खरी आहे, खोटी नाही. पोरगा शिकला की वर्षभरात स्वतःचा ठेका घेतो आणि उस्तादाच्याच गिऱ्हाइकाला दहा रुपये कमी रेट सांगतो. मग उस्ताद हातचं राखून शिकवतो याला आपण कोत्या मनाचा म्हणायचं का? त्याच्या जागी आपण असतो तर आपण पण हेच केलं असतं. शाळेतल्या मास्तरला शिकवायचा पगार मिळतो, कॉलेजच्या प्रोफेसरला मिळतो, क्लासवाल्याला तर भरपूर मिळतो, आणि सुतारानं मात्र आपलं पोट मारून फुकट शिकवावं ही आपली अपेक्षा आहे.

आता कोणी म्हणेल अप्रेंटिसशिपचा, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे की. आहे, १९६१ सालापासून आहे, आणि वाईट नाहीये तो. १४ वर्षांच्या पुढचा मुलगा-मुलगी अप्रेंटिस होऊ शकते, धोक्याच्या कामात वय १८ लागतं, लेखी करार करावा लागतो, काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, शेवटी परीक्षा होऊन देशभर चालणारं सर्टिफिकेट मिळतं. कारपेंटर हा त्यातला ट्रेड आहे. आयटीआयमध्ये पण कारपेंटरचा एक वर्षाचा कोर्स आहे, आठवी पासवाल्याला ॲडमिशन मिळते. अडचण अशी आहे की कायदा ज्याला आस्थापना म्हणतो तशी आस्थापना सुतारकामात फारशी सापडत नाही. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असतील तिथे अप्रेंटिस घेणं सक्तीचं, ४ ते २९ असतील तिथे मर्जीवर. मुंबईतली सुतारांची टोळी म्हणजे एक मिस्त्री, दोन कारागीर, एक-दोन हेल्पर, आज कांदिवलीत, महिन्यानं चेंबूरला, ना ऑफिस ना बोर्ड. तो मिस्त्री पोर्टलवर नोंदणी करून करारपत्र भरत बसेल हे शक्य आहे का.

आणि स्टायपेंड बघा. त्याच नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना किमान ५,००० आणि दहावी पासला ६,००० रुपये ठरले. २०२५ मध्ये केंद्राच्या कौन्सिलनं ही रेंज ६,८०० ते १२,३०० करायची शिफारस केली, चांगलंच आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत सरकार स्टायपेंडचा चौथा हिस्सा देतं, जास्तीत जास्त १,५०० रुपये. पण साइटवरचा हेल्पर रोजीवर महिन्याला या पाच-सहा हजारांच्या दुप्पट तरी सहज कमावतो, आणि त्याला गावाला पैसे पाठवायचे असतात, तो शिकण्यासाठी निम्म्या पैशावर कसा येईल. यातही नीट बघा, ही सगळी चर्चा शिकणाऱ्याच्या पैशाची आहे. शिकवणाऱ्याचा विचार त्या योजनेत एकदाच डोकावला होता, सुरुवातीच्या बेसिक ट्रेनिंगसाठी संस्थेला एका पोरामागे ७,५०० रुपयांपर्यंत द्यायची तरतूद होती. म्हणजे शिकवण्याचा खर्च असतो हे सरकारला मान्य होतं, फक्त तो संस्थेचा खर्च असतो असं मानलं गेलं, मिस्त्रीचा नाही.

पीएम विश्वकर्मा योजनेचं नाव पण लगेच निघतं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसायांत सुतार आहे, ५ ते ७ दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर, स्वस्त व्याजानं कर्ज. ज्याला काम येतं त्याला याचा उपयोग होतो आणि व्हायलाच पाहिजे. पण आठवड्याभरात नवा सुतार तयार होत नाही, त्या योजनेचा तो दावाही नाही.

कायदा जिथे नीट चालतो ती ठिकाणं मुंबईतच आहेत. रेल्वेच्या लोअर परळ आणि माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये, माझगाव डॉकमध्ये कारपेंटर ट्रेडचे अप्रेंटिस घेतात, तिथे इन्स्ट्रक्टर पगारावर असतो, अवजारं असतात, ठरलेला सिलॅबस असतो. जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, कारण पोरांना माहितीये की इथे खरंच शिकायला मिळतं. मेहनत नको म्हणणाऱ्यांनी ते अर्ज बघावेत. आणि ही गोष्ट मुंबईला नवीन पण नाही. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला आले ते सुतार म्हणूनच, सोबत थोडे सुतार घेऊन. त्यांच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्या गोदीत हातात वाकस (लाकूड तासायचं अवजार) घेऊन, साध्या सुताराच्या पगारावर काम करत वर चढल्या. १८१७ मध्ये इथे मलबारी सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. ते जहाज एका माणसाच्या हुशारीवर उभं राहिलेलं नाही, गोदीत शिकणाऱ्याला पण पगार होता आणि ज्याच्या हाताखाली तो शिकायचा त्याला पण होता, आणि काम एवढं लांबलचक चालायचं की शिकवायला सवड मिळायची.

लहान टोळ्यांना हे कसं जमणार, हा प्रश्न मला सगळे विचारतात. जर्मनीत सुतारांची बहुतेक वर्कशॉपं छोटीच आहेत, चार-पाच माणसांची. तिथे तीन वर्षांची अप्रेंटिसशिप असते, आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळा आणि बाकी दिवस मालकाकडे काम, पगार मालक देतो, शिकवणारा स्वतः परीक्षा देऊन मास्टर झालेला असतो, आणि जे काम एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये होत नाही ते शिकवायला कारागिरांच्या चेंबरची सामायिक वर्कशॉपं असतात. शेवटच्या परीक्षेला प्रत्येकानं स्वतः डिझाइन करून एक वस्तू बनवायची, कपाट म्हणा टेबल म्हणा, आणि तीच त्याची पदवी. इंग्लंडमध्ये १९६४ मध्ये बांधकाम उद्योगासाठी ट्रेनिंग बोर्ड झालं, ते कंपन्यांकडून लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी घेतं आणि जो मालक अप्रेंटिस ठेवतो त्याला त्यातून अनुदान देतं. म्हणजे शिकवणाऱ्याचं नुकसान सगळ्या धंद्यानं मिळून भरून काढायचं, इतकी साधी गोष्ट आहे ती. तिथे साइटवरचं सुतारकाम आणि वर्कशॉपमधलं खिडक्या-दरवाजे-जिन्यांचं काम यांच्या दोन शाखा पण वेगळ्या शिकवतात, आपल्याकडे त्याच पोरानं सकाळी फॉल्स सीलिंग ठोकायचं आणि संध्याकाळी देव्हारा घडवायचा. २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याला कुशल माणसं पुरवायचा करार केला. करा ना, पोरांचं भलं होईल. पण तिकडे पाठवायला कुशल माणसं आधी इथे कोणाच्या हाताखाली तयार होणार आहेत?

पैसा नाही असं कोणी म्हणू नका. १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर बसवला, बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी. देशभरात त्याचे हजारो कोटी वर्षानुवर्षं पडून राहिले, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये त्यावरून सरकारांना चांगलंच सुनावलं. मुंबईत जिकडे बघावं तिकडे टॉवर उठतायत, म्हणजे उपकर जमा होतोय. कामगारांना पेटी, भांडी, मुलांना स्कॉलरशिप हे सगळं मिळालंच पाहिजे, त्यातलं काही काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण त्या पैशातून नोंदणी झालेल्या मिस्त्रीला, त्यानं एक पोरगा करारानं हाताखाली घेतला तर, दर महिन्याला शिकवणी म्हणून ठरावीक रक्कम का देऊ नये? निम्मी महिन्याच्या महिन्याला आणि निम्मी पोरगा परीक्षा पास झाल्यावर, म्हणजे हातचं राखून शिकवण्यात मिस्त्रीचा फायदा उरत नाही. नियम बदलावे लागतील तर बदला, कामगाराला हुन्नर देण्यापेक्षा मोठं कल्याण कुठलं असतं.

कागदपत्रांचं काय, तर १९६१ च्या कायद्याच्या आठव्या कलमातच आहे की अनेक मालक एकत्र येऊन अप्रेंटिसना एकमेकांकडे फिरवत प्रॅक्टिकल ट्रेनिंग देऊ शकतात. सुतारकामाला ही तरतूद अगदी फिट बसते. एका वॉर्डातले वीस-पंचवीस मिस्त्री एका गटात घ्या, कागद, हजेरी, विमा हे सगळं जवळच्या आयटीआयनं सांभाळायचं, पोरगा सहा महिने किचनवाल्याकडे, सहा महिने दरवाजे-चौकटीवाल्याकडे, काही महिने जुन्या फर्निचरची दुरुस्ती करणाऱ्याकडे. आठवड्यातला एक दिवस आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये, तिथे ड्रॉइंग, हिशोब, लाकडाची ओळख आणि मशीन. ओळख म्हणजे नुसती पुस्तकातून करून द्यायची नाही, रे रोडच्या वखारींत नेऊन सागवान, शिसव, ऐन, किंजळ हाताला लावून, वास घेऊन, आणि नागदेवीच्या अवजारांच्या दुकानांत नेऊन कुठली पटाशी पैसे घालण्याच्या लायकीची आहे ते दाखवायचं.

मशीनबद्दल मला फार कळकळीनं बोलायचंय. आपल्या साइटवर प्लाय कापायला काय वापरतात माहितीये ना, मार्बल कापायचा छोटा कटर उलटा करून प्लायच्या टेबलाखाली बसवतात, पातं वर उघडं, गार्ड काढून टाकलेला, बटण दाबून लॉक केलेलं. या शहरात बोटाचं पेर गेलेले किती सुतार आहेत ते कोणत्याही मिस्त्रीला विचारा, प्रत्येकाला दोन-चार माहीत असतील. इजा झाली की ठेकेदार टाके घालायचे पैसे देतो आणि विषय संपतो, कारण पोरगा कोणाच्या कागदावरच नाही. शिवाय धूळ. लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरते असं कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकून सांगितलंय, आणि आमची पोरं खिडक्या बंद करून एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) कापतात, कारण शेजारी तक्रार करतात. मास्क लावायचा, गार्ड काढायचा नाही, ढकलायला लाकडी पट्टी वापरायची, हे उस्तादानं पहिल्या आठवड्यात सांगायचं असतं. आता उस्ताद स्वतःच तसाच शिकलाय, म्हणून गटात येणाऱ्या मिस्त्रींचं पण थोडं ट्रेनिंग आधी करावं लागेल, पैसे देऊन, त्यांची रोजी बुडू न देता.

काही जण म्हणतात हे सगळं आता कशाला, फॅक्टरीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर किचन कापून येतं, कडेची पट्टी लावायचं एज बँडिंग पण मशीन करतं. येतं ना. पण मुंबईच्या एकाही फ्लॅटची भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात नसते, फॅक्टरीतून आलेलं सरळ कपाट त्या वाकड्या भिंतीला बसवायला आणि मधली फट झाकायला शेवटी सुतारच लागतो, आणि तो नीट नसेल तर लाखाचं किचन वर्षात लटकतं. जुन्या इमारतींचे लाकडी जिने, कठडे, तुळया यांच्या दुरुस्तीचं काम तर कुठल्याच फॅक्टरीतून येणार नाही. उलट मशीन वाचता येणारा, ड्रॉइंग कळणारा सुतार आता जास्त लागणार आहे.

आणि मराठी पोरांचा विषय, तो टाळून चालणार नाही. बाहेरच्यांनी धंदा घेतला म्हणणं सोपं आहे. गावात बारा बलुत्यांत सुतार होता, औत-नांगर-बैलगाडी-चौकट सगळं त्याच्याकडे, आणि मोबदला म्हणून खळ्यावरचं धान्य. पोरगा बापाकडे शिकायचा, दुसऱ्या जातीतल्याला ते शिकायची वाट नव्हती आणि सुताराच्या पोराला त्यातून बाहेर पडायची वाट नव्हती. मुंबईत आलेल्या सुताराच्या पुढच्या पिढीनं कारकुनी धरली ती मान मिळावा म्हणून, त्यात काही चूक नाही. गोरखपूरचा पोरगा चुलत्याच्या हाताखाली शिरतो तसा लालबागच्या पोराला आज शिरायला दारच नाही, तो कोणाकडे जाऊन म्हणणार की मला शिकवा? करारानं, पगारानं, सर्टिफिकेटनं चालणारी अप्रेंटिसशिप असली तर कुठल्याही जातीचा, कुठल्याही गावचा मुलगा येऊ शकतो, आणि मुली पण येऊ शकतात. साइटवर मुक्काम, बाथरूमची सोय नाही, म्हणून आज मुली या कामात जवळजवळ नाहीतच, पण आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आणि वॉर्डातल्या कामावर रोज घरी परत जाता येत असेल तर भांडुप-विक्रोळीच्या कितीतरी मुली यात येतील असं मला मनापासून वाटतं.

आपण गिऱ्हाईक लोकांनी पण काही करावं. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला आपण कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस यासाठी रात्री बारापर्यंत भांडतो. त्याच करारात एक कलम घालायला सांगा, की या इमारतीच्या दरवाजे-खिडक्यांच्या आणि लाकडी कामाच्या ठेक्यात इतके अप्रेंटिस करारानं असतील आणि त्यांना शिकवणाऱ्या मिस्त्रीची शिकवणी रेटमध्ये वेगळी धरलेली असेल. बिल्डरच्या एकूण खर्चात ही रक्कम दिसणार पण नाही. आमच्या इमारतीचा करार पुढच्या महिन्यात सोसायटीसमोर येतोय, हे कलम मी कमिटीला लेखी दिलंय.